भावाला पेशी दिल्या, त्यानंतर तिचं काय? कोल्हापुरातल्या एका डोनरची केस

पार्श्वभूमी

स्टेम सेल ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्याकडून घेऊन पेशंटला देणं) म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पेशंटकडे असतं आणि ते साहजिकच आहे, पण पेशी देणारा माणूसपण इंजेक्शनं घेतो, मशीनला जोडला जातो, सह्या करतो आणि मग घरी जातो, आणि घरी गेल्यावर तो कसा आहे हे विचारणारं सहसा कुणी नसतं. ही केस त्या देणाऱ्या माणसाची आहे. मी कोल्हापुरात ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांबरोबर काउन्सेलर म्हणून काम करते. नावं, वयं, गावं बदललीत, आणि लिहिलेलं सगळं डोनरने स्वतः वाचून मग हो म्हटलंय.

तिला सुनंदा म्हणू. वय ३४, माहेर पन्हाळा तालुक्यात, सासर हातकणंगल्याकडे. घरी दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचं, नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर, मुलगी चौथीत आणि मुलगा दीड वर्षाचा, अजून रात्री अंगावर पिणारा. थोरला भाऊ आण्णा, वय ४२, त्यांना एएमएल म्हणजे ॲक्यूट मायलॉईड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. केमोने आजार आटोक्यात आलेला, पण जेनेटिक रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले की नुसत्या केमोवर थांबलो तर परत उलटायची भीती जास्त आहे, भावंडाच्या पेशी मिळत असतील तर ट्रान्सप्लांट करून घ्या. ट्रान्सप्लांट पुण्यातल्या एका युनिटमध्ये ठरला. धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. सुनंदा आणि तो, दोघांचंही एचएलए टायपिंग, म्हणजे पेशी आण्णांशी जुळतात का ते बघायची रक्ततपासणी, झालं. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते. सुनंदा पूर्ण जुळली, धाकटा निम्मा.

अडचण कुठे होती

रिपोर्ट आला तो वहिनीच्या व्हॉट्सॲपवर. तिथून भावकीच्या ग्रुपवर. सुनंदाला कळलं चुलत्यांच्या फोनवरून, ती तेव्हा गोठ्यात धार काढत होती, "पोरी, देवानं तुलाच निवडलंय बघ" असं म्हणाले आणि फोन ठेवला. म्हणजे ती देणार का, तिला द्यायला जमेल का, हे तिला कुणी विचारायच्या आधीच सगळ्या गावाला ती देणार हे माहीत झालं होतं. सॅम्पल घेताना तिला सांगितलेलं की नुसतं रक्त तपासायचंय. सॅम्पल दिला म्हणजे होकार दिला असं सगळ्यांनी धरून टाकलं, आणि माझ्या मते या केसमधल्या पुढच्या निम्म्या त्रासाचं मूळ इथंच आहे.

त्यात दुसरी गोष्ट जमिनीची. वडील जाऊन दोन वर्षं झालेली, सातबाऱ्यावर वारसनोंद होऊन आईसह तिन्ही भावंडांची नावं लागलेली. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो हक्क जन्मापासूनचा आहे हे पण स्पष्ट केलं, तरी आपल्याकडे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची हे गृहीतच असतं. चुलते म्हणाले सगळे एकत्र येतायतच तर ते पण उरकून घेऊ. त्यांच्या मनात वाईट काही होतं असं मला वाटत नाही, पण सुनंदाची कोंडी बघा. ती मला म्हणाली, "मॅडम, मी पेशी द्यायला नको म्हटलं तर लोक म्हणणार हिश्श्यासाठी भावाला मारलं. आणि हो म्हटलं तर म्हणणार एवढं दिलंस, मग सहीला कशाला मागं सरतीस."

सासरची भीती वेगळीच. मणक्यातून पाणी काढतात, बाई कायमची अधू होते, पुढं मूल राहत नाही, असं सासूबाईंनी कुठं कुठं ऐकलेलं. नवऱ्याचा प्रश्न मात्र सरळ होता आणि तो प्रत्येकाने विचारायलाच पाहिजे असा आहे: "त्या इंजेक्शनानं उद्या हिलाच तसला आजार झाला तर?"

आणि सुनंदाची स्वतःची भीती यातली एकही नव्हती. ती सुईला भीत नव्हती. दीड वर्षाचं पोर रात्री तिच्याशिवाय झोपत नव्हतं आणि युनिटने सांगितलेलं की पहिल्या इंजेक्शनपासून दूध बंद करावं लागेल. हे ती कुणापुढं बोललीच नाही, कारण भाऊ मरणाच्या दारात आणि ही दुधाचं काय घेऊन बसलीय असं वाटेल म्हणून.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय धाकट्याच्या पेशी. निम्म्या जुळणीवर आता ट्रान्सप्लांट होतात, खूप होतात, तो तर एका पायावर तयार होता. पण पूर्ण जुळणारी बहीण असताना युनिटची पसंती तिलाच. दुसरा पर्याय रजिस्ट्रीतून बाहेरचा डोनर शोधायचा, त्याला वेळ लागणार, खर्च वाढणार, आणि आपल्या लोकांची नोंदणी अजून कमी असल्यामुळे मिळेलच याची खात्री नाही.

सुनंदाने द्यायच्या ठरवल्या तर कशा द्यायच्या यात पण दोन वाटा. एक, भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो म्हणजे रक्त तयार करणारा मगज काढायचा, मणक्याला हात लागत नाही, एखाद दिवस ॲडमिट राहायचं आणि कंबर पुढं काही दिवस ठणकते. दुसरी, जी-सीएसएफ नावाची इंजेक्शनं चार-पाच दिवस घ्यायची, त्याने मॅरोमधल्या पेशी रक्तात उतरतात, मग मशीनने एका हातातून रक्त घेऊन पेशी वेगळ्या करून उरलेलं दुसऱ्या हातात परत सोडतात. यात भूल नाही, पण इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं दुखतात, डोकं दुखतं, फ्लू आल्यासारखं अंग मोडून येतं. युनिटने दुसरी वाट सुचवली.

आणि एक पर्याय जो कुटुंबाच्या कुणाच्याच तोंडी आला नव्हता तो म्हणजे नाही म्हणायचा. तो तिच्यापुढं ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी हे कुणाच्या विरोधात म्हणून करत नाही, आण्णा वाचावेत असं मलापण मनापासून वाटत होतं. पण ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याच्या हो ला काय अर्थ आहे?

काय केलं

सगळ्यात आधी सुनंदाला एकटीला भेटले. नवरा नाही, वहिनी नाही. राजारामपुरीतल्या एका फिजिशियनकडे तिची तपासणी ठेवली, आणि मुद्दाम अशा डॉक्टरांकडे ठेवली ज्यांचा आण्णांच्या उपचाराशी काही संबंध नाही. हा माझा हट्ट नाही, फॅक्ट-जेसी या आंतरराष्ट्रीय मानकांतच आहे की पेशंटवर मुख्य उपचार करणारा डॉक्टर डोनरला फिट ठरवणारा नसावा. कारण उघड आहे, पेशंट वाचवायला धडपडणारा डॉक्टर कितीही भला असला तरी त्याचं एक मन पेशंटकडे ओढणारच.

डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. तुला द्यायच्या नसतील तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तपासणीत बसत नाही, कारण सांगणार नाही. आणि दुसरी, हा निर्णय बदलायला एक शेवटची तारीख आहे. आण्णांची कंडिशनिंग केमो, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या आधीची जबर केमो, सुरू झाली की त्यांची स्वतःची मॅरो संपते, त्यानंतर तू मागं फिरलीस तर ते वाचणार नाहीत, त्यामुळे जे काय ठरवायचं ते त्याच्या आधी. हे ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली हे मला आत्तापर्यंत कुणी बोललं नाही.

मी आण्णांनाही भेटले, जमिनीचा विषय त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. ऐकून त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला, माझ्यासमोरच. "सुने, सही-बिही काय नको. आणि तुला जमत नसंल तर तसं सांग, मी कुणाला बोल लावून मरणार न्हाई." प्रामाणिक माणूस, पण त्या वाक्यानेच सुनंदाचा बांध फुटला, आता तर नाही म्हणताच येत नाही असं म्हणाली. प्रेमाचा दाब हा पण दाबच असतो, आणि तो कमी करायचा माझ्याकडे एकच उपाय होता, वेळ देणं. तिला घाई करू नका असं दोन्ही घरी सांगितलं.

ती हो म्हणाली, पण तीन अटी घालून. जमिनीचा विषय वर्षभर कुणी काढायचा नाही. नवऱ्याला आणि सासूबाईंना डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगायचं. आणि पुण्याला बाळ आणि तिची आई बरोबर येणार, खोली त्या हिशेबाने घ्यायची. या अटी मी कागदावर लिहून घेतल्या आणि दोन्ही घरच्यांच्या सह्या घेतल्या. कायद्याने त्याला काही किंमत नसेल, पण पुढं दोनदा तो कागद कामाला आला.

नवऱ्याच्या प्रश्नाला डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं: निरोगी डोनरवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालंय, या इंजेक्शनांमुळे ब्लड कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही, पण तरी वर्षातून एकदा रक्त तपासत राहायचं. मूल न होण्याचा काही संबंध नाही हे पण सांगितलं. काहीच होणार नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि मला वाटतं म्हणूनच नवऱ्याचा विश्वास बसला. प्लीहा या दिवसांत सुजते, क्वचित फाटू शकते, डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोरात कळ आली तर एक मिनिट थांबायचं नाही, हेही सांगितलं.

बाळाचं दूध दहा दिवस आधीपासून हळूहळू तोडलं, रात्री आजीजवळ झोपवायची सवय लावली. पहिली तीन इंजेक्शनं युनिटच्या चिठ्ठीवर राजारामपुरीतच घेतली, डोस वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम, औषध बर्फाच्या डब्यातून आणायचं कारण ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. चौथ्या दिवशी एसटीने पुणे. तोपर्यंत कंबर, मांड्या, छातीचं हाड, सगळं ठणकत होतं आणि हायवेच्या कामामुळे रस्ताभर डायव्हर्जन, प्रत्येक खड्ड्याला ती सीट धरत होती. पॅरासिटामॉल चालते, ॲस्पिरिन चालत नाही एवढं तिला पाठ होतं.

पाचव्या दिवशी मशीन. साधारण चार तास. मध्येच ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, ती घाबरली, पण सिस्टरने लगेच कॅल्शियम दिलं आणि समजावलं की रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट सोडतात त्याने कॅल्शियम उतरतं. संध्याकाळी मोजणी आली. पेशंटच्या वजनाच्या किलोमागे किमान २० लाख सीडी-३४ पेशी (म्हणजे याच मूळ पेशी) लागतात, शक्यतो ४०-५० लाख हव्या असतात, आणि हिच्या ३१ लाख निघाल्या. दुसऱ्या दिवशी परत बसावं लागेल असं एक ज्युनियर डॉक्टर दारातूनच म्हणून गेले, "काउंट कमी आलाय". बास. त्या रात्री ती झोपली नाही, माझ्याच पेशी कमी पडल्या म्हणत राहिली. खरं तर दोन दिवस लागणं अगदी नेहमीचं आहे, आधीच सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती. दुसऱ्या दिवशी पुरेशा झाल्या.

पुढं काय झालं

आण्णांच्या अंगात पेशी रुजल्या. रक्तगटसुद्धा हळूहळू बहिणीचा झाला, बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह, आणि गावात त्याचं फार कौतुक.

सुनंदा घरी आली तेव्हा मशीनमुळे प्लेटलेट उतरलेल्या होत्या, त्या आठवड्या-दोन आठवड्यात भरून येतात. पण म्हशी थांबत नाहीत. सासूबाईंनी चार दिवस सांभाळलं, पाचव्या दिवशी वैरणीचा भारा तिच्याच डोक्यावर. मी फोन केला तेव्हा कळलं. तो अटींचा कागद पहिल्यांदा इथं कामाला आला, खाली डॉक्टरांनी लिहिलेलं की सांगेपर्यंत जड उचलायचं नाही, नवऱ्याने तो आईला वाचून दाखवला. थकवा मात्र महिनाभर राहिला. दोन आठवड्यांत बरी होशील असं तिला सांगितलेलं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात तिला वाटायला लागलं की आपल्यालाच काहीतरी झालंय. आणि अख्ख्या त्या काळात युनिटमधून तिच्यासाठी एकही फोन आला नाही.

फोन आला आठव्या महिन्यात, पण तो आण्णांसाठी. आजार उलटला होता. केमो देऊन मग सुनंदाच्या लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशी द्यायच्या, त्याला डीएलआय म्हणतात, त्या पेशी ल्युकेमियाशी लढतात. कोऑर्डिनेटरने फोन केला तो तिच्या नवऱ्याला आणि म्हणाला सोमवारी घेऊन या. पुन्हा तेच, तिला सोडून सगळ्यांना विचारलं. यावेळी सुनंदा स्वतः माझ्याकडे आली. आम्ही युनिटला कळवलं की तिच्याशी थेट बोला, धोके सांगा, मग ती ठरवेल. ती हो म्हणाली. इंजेक्शनं नव्हती, एकदाच मशीनवर बसणं, शरीराला त्रास जवळपास काहीच नाही.

आजार मागे हटला. पण दीड महिन्यात आण्णांना आतड्याचा जीव्हीएचडी झाला, म्हणजे दिलेल्या पेशी पेशंटच्या शरीरालाच परकं समजून हल्ला करतात. मग इन्फेक्शन. ट्रान्सप्लांटनंतर वर्षाच्या आतच आण्णा गेले.

दिवसकार्याला कुणीतरी बाई बोलून गेली, "बहिणीच्याच पेशींनी खाल्लं म्हणं." तिला ते जीव्हीएचडीचं अर्धवट कुठून तरी कळलेलं. सुनंदा त्यानंतर जेवेना, धार काढायला बसली की रडायची, दूध संस्थेत जाणं बंद केलं. पहिल्यांदा दिलं ते ठीक होतं, दुसऱ्यांदा मी दिलं म्हणून तो गेला, हे एकच वाक्य. मी नुसतं समजावून काही होणार नव्हतं, तिला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं. युनिटच्या सीनियर डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी व्हिडिओ कॉलवर तिला खरंच मनापासून वेळ दिला. ते म्हणाले, ज्या ताकदीने तुमच्या पेशी ल्युकेमियावर तुटून पडल्या तीच ताकद आतड्यावर उलटली, दोन्ही एकाच क्रियेचे भाग आहेत, तुमच्या पेशींत खोट नव्हती, आणि ती द्यायची हा निर्णय माझा आणि आण्णांचा होता, धोका त्यांना मी सांगितला होता. त्या शेवटच्या वाक्याने फरक पडला. आण्णांना माहीत होतं, हे तिला माहीत नव्हतं.

तरी ती लगेच सावरली असं नाही. मानसोपचार तज्ज्ञांकडे काही महिने गेली, गोळ्या घेतल्या, आता बंद आहेत. कागद दुसऱ्यांदा कामाला आला तो तेव्हाच, चुलत्यांनी वर्षाच्या आत परत सहीचं काढलं आणि यावेळी वहिनीनेच तो पुढं केला. पुढं सुनंदाने स्वतःच ठरवलं, सातबाऱ्यावर नाव राहू दे, उसाचं बिल मात्र आण्णांची पोरं शिकेपर्यंत वहिनीने घ्यावं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे रिपोर्ट. एचएलएचा रिपोर्ट जुळणाऱ्या माणसाला एकट्याला आधी कळला पाहिजे, आणि सॅम्पल घ्यायच्या आधीच त्याला विचारलं पाहिजे की जुळलं तर द्यायची तयारी आहे का. युनिटच्या कोऑर्डिनेटरशी यावर माझा वाद झाला, त्यांचं म्हणणं की आपल्याकडे घर एकच असतं, एकाला सांगितलं काय आणि दुसऱ्याला काय. मला हे बिलकुल पटत नाही. घर एक असतं म्हणूनच तर त्यात एकट्याने विचार करायला जागा लागते.

दुसरं, पेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या. २०२० च्या कोविडमध्ये जगभर बऱ्याच युनिटनी हेच केलं, पेशी हातात आल्याशिवाय पेशंटची कंडिशनिंग सुरू करायची नाही. खर्च थोडा वाढतो, पण त्या शेवटच्या तारखेचं ओझं डोनरच्या डोक्यावरून उतरतं, आणि सुनंदाच्या ३१ लाखांच्या रात्रीला आण्णांची केमो आधीच होऊन गेलेली नसती.

प्रवास. चारही इंजेक्शनं पुण्यातच घ्यायला पाहिजे होती. बाळाबरोबर स्वतःच्या घरी तीन दिवस जास्त मिळावेत म्हणून कोल्हापूर निवडलं, ते तिच्या मनाला बरं वाटलं पण हाडं सगळ्यात दुखतात त्याच दिवशी साडेचार-पाच तास एसटीत बसावं लागलं. निदान गाडी तरी करायला हवी होती. गावाने वर्गणी गोळा केली, पण त्या पैशात डोनरच्या नावाचा रुपयापण नव्हता, ना गाडी, ना बुडालेलं दुधाचं बिल, ना नवऱ्याचा खाडा. आता मी कुठल्याही कुटुंबाला हिशेब मांडून देते तेव्हा डोनरची ओळ वेगळी लिहायला लावते, त्यात वर्षभराच्या रक्ततपासण्या पण धरून.

फॉलोअपसाठी युनिटला पत्र लिहिलं. आता डोनरच्या डिस्चार्ज कार्डवर आठवड्याची, महिन्याची आणि वर्षाची तारीख लिहून देतात, फोन मात्र अजून आम्हालाच करावा लागतो. पेशंट गेला तर डोनरला कुणी कळवायचं, काय सांगायचं, हे अजून कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

आणि धाकटा. त्याच्याकडे आम्ही सगळ्यांनीच उशिरा बघितलं. निम्मा जुळलेला, द्यायला तयार असलेला, आणि कुणीच न घेतलेला. माझ्या पेशी दिल्या असत्या तर दादा राहिला असता का, हा प्रश्न त्याने मला फौंड्रीच्या गेटबाहेर विचारला, सेकंड शिफ्टला जाताना. मी त्याला सांगितलं की निम्म्या जुळणीत पण जीव्हीएचडी होतो, आजार उलटतो, कुणीच हे सांगू शकत नाही. पुढच्या आठवड्यात त्याला डॉक्टरांसमोर बसवायचंय, सुनंदा म्हणाली मी पण येते.